जुन्या मोटारीचे सूचक दिवे व फिरून येणारा बिघाड

शहापूर व मुरबाड तालुक्यांत बैलगाडीच्या जागीं आतां पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं मोटार उभी असते, आणि ती बहुधा दुसऱ्याच्या हातून आलेली असते. बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, चार पावलें चालवून पाहतों. मोटार घेतांना मात्र रंग, टायर व किंमत एवढें पाहून विसार देऊन मोकळे होतों. मग पंधरा दिवसांनीं चालकासमोरील फळीवर एक पिवळा दिवा लागतो आणि खरा खर्च सुरू होतो. सापगांवीं आम्हांस या दिव्यापायीं एक सबंध पावसाळा घालवावा लागला. त्यांतून जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम दिव्यांच्या रंगांविषयीं. तांबडा दिवा म्हणजे आज्ञा, पिवळा म्हणजे निरोप. तेलाच्या झारीच्या आकाराचा तांबडा दिवा चालत्या गाडींत लागला तर इंजिन तेथल्या तेथें बंद करावें. तेलाचा दाब नसतां इंजिन चालविणें म्हणजे वंगणावांचून गाडीचा आंस फिरविणें होय. कांहीं मिनिटांतच आंतील बेअरिंगें खराब होऊन हजारों रुपयांचें काम निघतें. उष्णतेचा तांबडा दिवा लागल्यासही थांबावें, परंतु इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचें झांकण उघडूं नये, कारण आंतील कढत पाणी दाबाखालीं असतें व तें अंगावर उसळतें. बॅटरीचा दिवा हा बॅटरी जुनी झाल्याचा नसून ती भरली जात नसल्याचा आहे. पुष्कळदां पट्टा तुटलेला असतो, आणि कांहीं इंजिनांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो.

पिवळा इंजिनदिवा याहून निराळा. हल्लींच्या इंजिनाचा कारभार एका लहान संगणकाकडे असतो. हवा, डिझेल, उष्णता, फिरण्याची गति यांचें मोजमाप सेन्सर त्याला सारखें कळवीत असतात. एखादें मोजमाप मर्यादेबाहेर गेलें कीं संगणक त्याची नोंद ठरीव आंकड्यानें आपल्या स्मरणांत करतो व दिवा लावतो. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या मोटारींस अशी स्वयंतपासणी एप्रिल २०१० पासून व तिची अधिक कडक पायरी एप्रिल २०१३ पासून लागू झाली. स्टिअरिंगखालीं सोळा पिनांची एक खोबण असते. तिला स्कॅनर जोडला म्हणजे तो आंकडा वाचतां येतो. पेट्रोलच्या गाडींत हा दिवा स्थिर न राहतां उघडझाप करूं लागला, तर एखाद्या सिलिंडरांत पेट्रोल नीट न जळतां धुरांड्यांतील शुद्धियंत्रांत जात आहे असें समजावें. तशी गाडी हांकीत राहिल्यास तें महागडें यंत्र तापून निकामी होतें.

येथपर्यंत सारें सोपें आहे. घोटाळा होतो तो पुढें. स्कॅनरवरील आंकडा तक्रार कोठें उमटली एवढेंच सांगतो. तक्रारीचें मूळ सांगत नाहीं. पी ०३३५ म्हणजे इंजिनाच्या क्रँकची गति मोजणाऱ्या सेन्सरच्या मंडलांत दोष. मंडल म्हटलें कीं त्यांत सेन्सर आला, दोन्हीं टोकांचे सांधे आले, आणि मधली हातभर तारही आली. पानें पिवळीं पडलीं म्हणून दर वेळीं युरिया टाकणाऱ्या शेतकऱ्यास आपण हंसतों. तळाशीं पाणी सांचून मुळें कुजलीं असतील हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. मोटारीच्या बाबतींत आम्हीं नेमकें तेंच केलें.

आमची गाडी डिझेलची, दहा वर्षें वापरलेली. चैत्रांत घेतली, वैशाख निमूट गेला. मृगाचा पाऊस पडला आणि आठवड्याच्या आंत दिवा लागला. गांवाबाहेरच्या एका गॅरेजांत मेस्त्रीनें स्कॅनर लावला, पी ०३३५ वाचला, तो पुसला, दिवा विझला. नऊ दिवसांनीं दिवा पुन्हां हजर. या खेपेस सेन्सर बदलला. पुढें पंधरा दिवस उघाड होती, तेवढे दिवस गाडी शहाण्यासारखी चालली. झड लागतांच दिवा परत. मग दुसरा सेन्सर, मग नवी बॅटरी. दर खेपेस कांहींतरी बदललें व दर खेपेस कांहीं दिवस बरें वाटलें, हेंच या बिघाडांतील मोठें फसवें अंग आहे.

श्रावणांत एके पहाटे काकडी व शिराळीं घेऊन थोरल्या मुलासह कल्याणच्या बाजारास निघालों असतां महामार्गावरील एका चढणीस इंजिन एकाएकीं बंद पडलें. इंजिन थांबलें कीं स्टिअरिंग जड होतें आणि दोन-चार वेळां दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो, कारण दोघांसही मदत इंजिनाचीच असते. मागून मालाचे ट्रक येत होते. गाडी कशीबशी कडेस आली. दहा मिनिटांनीं किल्ली फिरवितांच इंजिन कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत सुरू झालें. माल बाजारांत पोंचला, पण त्या दिवसापासून मुलाला गाडींत बसवितांना आमच्या पोटांत गोळा येऊं लागला.

त्यानंतर आम्हीं एक वही केली. दिवा केव्हां लागला, पाऊस होता कीं नाहीं, इंजिन गार होतें कीं तापलेलें, ओझें किती, रस्ता कसा, एवढेंच तींत लिहीत गेलों. सात नोंदी झाल्या तेव्हां दिसून आलें कीं कोरड्या दिवशीं व सपाट रस्त्यावर दिवा एकदांही लागलेला नाहीं. ती वही घेऊन मुरबाडकडील एका वायरिंगच्या कारागिराकडे गेलों. त्यानें स्कॅनर बाजूस ठेवून वही वाचली आणि विचारिलें, “काका, गाडी रात्रीं कुठें उभी असते?” गोठ्याशेजारच्या पडवींत, भाताच्या पेंढ्यालगत, असें सांगतांच तो हंसला. बॅटरीखालीं त्याला लेंड्या व भाताचीं तुसें सांपडलीं. तारांवरील वेष्टन कुरतडलेलें होतें. सेन्सरच्या तारेचे दोन-तीनच तंतु शाबूत, आणि तेही हिरवे पडलेले. मीटर लावून त्यानें तार हालविली तेव्हां कांटा उड्या मारूं लागला. ओल व धक्का या दोहोंचा अर्थ तेव्हां लागला. त्याच तारेवर जरा पुढें काळी चिकटपट्टी गुंडाळलेला एक जुना सांधाही निघाला. म्हणजे ही कुरतड आमच्या उंदरांनीं आरंभिलेली नव्हती. त्यानें खराब तुकडा कापून नवी तार झाळली व वर नळी चढविली. मजुरी एका सेन्सरच्या किंमतीहून कमी झाली.

तारेइतकाच दगा अर्थिंगचा सांधा देतो. बॅटरीचा ऋण पट्टा जेथें इंजिनाला व सांगाड्याला जोडलेला असतो, तेथें गंज चढला कीं भलतेच दिवे लागतात व मेस्त्री भलतेच सेन्सर बदलतात. मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटीला व दुसरें इंजिनाच्या उघड्या धातूला लावून स्टार्टर फिरवावा. कांटा अर्ध्या व्होल्टापलीकडे गेला तर सांधा सोडून घांसून पुन्हां आवळावा. इंजिन चालू असतां बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावेत.

वरील जुना सांधा पाहिल्यावर, गाडी घेतांनाच हें कां कळलें नाहीं, याचा आम्हीं विचार केला. कळण्यासारखें होतें. इंजिन सुरू न करतां किल्ली ‘ऑन’वर आणली कीं इंजिनदिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळींच न लागणारा दिवा हा निरोगीपणाचा पुरावा नसून तो काढल्याचा किंवा झांकल्याचा पुरावा होय. आंकडा पुसून दिवा विझविणें तर क्षणाचें काम आहे; पण पुसल्याची खूण मागें राहते. पुसल्यानंतर संगणक आपल्या सर्व तपासण्या पहिल्यापासून करतो व तोंवर स्कॅनर त्या अपूर्ण दाखवितो. शिवाय पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हेंही पुष्कळ गाड्यांत वाचतां येतें. दहा वर्षांची गाडी आणि हा आंकडा वीस-तीस किलोमीटर, असें दिसलें तर विक्रेत्यास कारण विचारावें व चार दिवसांनीं पुन्हां यावें. इंजिन गार असतांनाच गाडी पाहावी. आपण येण्यापूर्वीं ती तापवून ठेवलेली असेल तर कां, हेंही विचारावें.

डिझेलच्या गाड्यांविषयीं आणखी दोन गोष्टी. पंपासाठीं पिंपांत ठेवलेलें डिझेल गाडींत ओतण्याची आपल्याकडे संवय आहे. पिंपांत हवेंतील ओलाव्याचें पाणी तळाशीं सांचतें, तें फिल्टरांत उतरतें व पाण्याचा पिवळा दिवा लागतो. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाकावें; तसेंच चालविल्यास इंजेक्टर खराब होतात. दुसरी गोष्ट १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांची. डिझेलच्या अशा गाडींत काजळी अडविणारी पेटी असते, व ती काजळी सुमारें ६०० अंश उष्णतेस जळून जाते. सापगांवाहून शहापुरापर्यंतच रोज ये-जा करणाऱ्या गाडीस ती उष्णता मिळत नाहीं, पेटी तुंबते व दिवा लागतो. अशा वेळीं मेस्त्रीकडे धांवण्यापूर्वीं गाडीच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें महामार्गावर अर्धा तास एकसारख्या वेगानें चालवून आणावी.

पेंढ्याची उडवी आम्हीं आतां गोठ्याच्या पलीकडे रचतों व रात्रीं पडवींत एक दिवा जळता ठेवतों. वही अद्याप गाडींतच आहे. भाद्रपदानंतर तींत दिव्याची नोंद नाहीं. डिझेलचा फिल्टर बदलल्याची तेवढी आहे.