एक हजार वीस मीटर

४ ऑगस्ट १९८४ रोजी नॉर्वेजियन समुद्रात सोव्हिएत नौदलाची के-२७८ ही पाणबुडी १,०२० मीटर खोल गेली. कुठल्याही लढाऊ पाणबुडीने एवढी खोली तोवर गाठली नव्हती आणि नंतरही गाठल्याची नोंद नाही. १९६० साली ‘त्रिएस्त’मधून दोन माणसं मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ अकरा किलोमीटर खाली जाऊन आली होती. पण त्रिएस्त म्हणजे पेट्रोलने भरलेल्या टाकीखाली टांगलेला जाड पोलादी गोळा; दोन माणसं कशीबशी मावतील एवढा. के-२७८ची लांबी ११७ मीटर होती. आत अणुभट्टी होती, टॉर्पेडो होते, पाच-सहा डझन खलाशी होते.

समुद्रात दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. हजार मीटरवर तो दर चौरस सेंटीमीटरला शंभर किलो होतो, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर क्विंटलभर तांदळाचं पोतं. पोलाद जाड करत नेलं तर हा दाब पेलता येतो, पण मग वजन सगळं कवचातच जातं आणि यंत्रांच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून १९६६ साली या पाणबुडीच्या आराखड्याचं काम हाती घेतलेल्या लेनिनग्राडच्या रुबिन संस्थेने टिटॅनियम निवडलं. ताकद उत्तम पोलादाच्या तोडीची, वजन जेमतेम साठ टक्के, शिवाय गंज नाही. अडचण वेल्डिंगची. तापलेलं टिटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषतं आणि ठिसूळ होतं, त्यामुळे जोडाला सतत आर्गॉन वायूचं आवरण द्यावं लागतं. सेवेरोद्विन्स्कच्या गोदीने हे तंत्र आधी के-१६२ या पाणबुडीवर पक्कं केलं होतं. तिचा खर्च बघून खलाशी तिला ‘सोनेरी मासोळी’ म्हणत.

टिटॅनियमचा आणखी एक गुण, किंवा अवगुण, म्हणजे ते पोलादाच्या जवळपास दुपटीने दबतं. खोल जाताना कवच खरोखरच आक्रसतं. त्यामुळे आतले मजले, पाइप, केबली कवचाला ताठ जखडून चालत नाहीत. सगळ्याला सरकायला वाव ठेवावा लागतो. समुद्राचं पाणी आत घेणारा प्रत्येक पाइप आणि प्रत्येक झडप तोच दाब सोसते. नुसतं कवच भक्कम करून भागत नाही, ते यामुळेच.

आणि वर कसं यायचं? एरवी पाणबुडी साठवलेली दाबाची हवा बॅलास्ट टाक्यांत सोडते, पाणी बाहेर ढकलते आणि हलकी होते. त्यातही दगा होतो. १९६३ साली अमेरिकेची ‘थ्रेशर’ खोल उतरण्याच्या चाचणीत बुडाली आणि १२९ माणसं गेली. हवेतली ओल गोठून बर्फाने गाळण्या बंद केल्या आणि टाक्या वेळेत रिकाम्या झाल्या नाहीत, असं तिच्याबाबत मानलं जातं. हजार मीटरवर तर हवाच अपुरी पडते, कारण एवढ्या दाबाखाली ती फारशी फुगत नाही. म्हणून के-२७८च्या टाक्यांत बंदुकीची दारू जाळून वायू तयार करणारी यंत्रं बसवली. १९८४च्या त्या बुडीत ८०० मीटरवरून सरावाचे टॉर्पेडोही सोडून पाहिले.

या सगळ्याचा लष्करी उपयोग किती? माझ्या मते, खर्चाच्या मानाने थोडा. उन्हाने तापलेल्या थराखाली पाणी एकदम थंड होतं आणि तिथे सोनारचा ध्वनी वाकतो. या आडोशासाठी हजार मीटर लागत नाहीत, बहुधा शंभर-दोनशे पुरतात. माझगाव डॉकने फ्रेंच आराखड्यावर बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या तीनशे मीटरच्या पुढे जातात असं सांगितलं जातं. नेमका आकडा कुठलंच नौदल देत नाही. पण मुंबईहून निघालेल्या पाणबुडीला आधी दोन-तीनशे किलोमीटर रुंद उथळ भूखंडमंच ओलांडावा लागतो. तिथे तीनशे मीटर पाणीच नाही, मग हजाराची गोष्ट कशाला? तिथे जीव वाचवतो तो इंजिनाचा शांतपणा. खोलीची धास्ती मात्र दूरवर पोचते. सोव्हिएत ‘अल्फा’ पाणबुड्यांचं टिटॅनियम पाहून पाश्चात्त्यांनी त्या अफाट खोल जात असतील असं धरलं. प्रत्यक्षात त्यांची मर्यादा चारशे मीटरच्या आसपास होती. टिटॅनियम वापरलं होतं ते वजन वाचवून वेग मिळवायला.

के-२७८ला १९८८ साली ‘कोम्सोमोलेत्स’ हे नाव मिळालं. ७ एप्रिल १९८९ रोजी ती साडेतीनशे मीटरच्या पुढे, म्हणजे तिच्या कुवतीच्या निम्म्याहूनही कमी खोलीवर होती, तेव्हा मागच्या, सातव्या कप्प्यात आग लागली. दाबाच्या हवेची नळी फुटली आणि आगीला हवेचा भाताच मिळाला. बोट पृष्ठभागावर आली, पाच-सहा तास तरंगली आणि संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर बुडाली. ६९ पैकी ४२ जण मेले. बरेचसे आगीने नव्हे, दोन-तीन अंश तापमानाच्या पाण्यात गारठून. कप्तान येवगेनी वानिन आणि चौघे सुटकेच्या कुपीत शिरले. कुपी बोटीबरोबर खोल गेली आणि मग सुटून वर उसळली. आतल्या दाबाने तिचं झाकण उडालं आणि व्हिक्तोर स्ल्युसारेंको एकटा वाचला. सुटकेची ही सोय हजार मीटरचा विचार करून केली होती. थंड पाण्यात पडलेल्या खलाशांसाठी पुरेसे तराफे मात्र त्या दिवशी हाताशी आले नाहीत.

आज ती सुमारे १,६८० मीटरवर आहे, अणुभट्टी आणि अण्वस्त्रं असलेल्या दोन टॉर्पेडोंसह. नव्वदच्या दशकात रशियनांनी टॉर्पेडोच्या भागातली भगदाडं टिटॅनियमच्या पत्र्यांनी बुजवली. २०१९ साली नॉर्वेच्या मोहिमेला एका वायुवीजन नळीपाशी नेहमीच्या आठ लाख पट सीझियम-१३७ आढळलं. ते समुद्रात लगेच विरळ होतं, माशांना धोका नाही, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला. पण तपासण्या चालूच आहेत. या आराखड्याची दुसरी पाणबुडी ना सोव्हिएत संघाने बांधली, ना रशियाने.