रंग जुळतो म्हणजे काय?

मोटारीचा चेपलेला दरवाजा बदलला, त्याला कारखान्याच्याच क्रमांकाचा रंग दिला. तरी उन्हात तो परका दिसतो. मालक म्हणतो, कारागिराने फसवले. हा आरोप बहुधा अन्यायाचा असतो.

क्रमांक सांगतो तो कोऱ्या गाडीचा रंग. आपली गाडी वर्षानुवर्षे उन्हात उभी असते. शिवाय चंदेरी छटांत अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म कण असतात. फवाऱ्याचा हात ओला पडला तर छटा गडद होते, कोरडा पडला तर फिकट. म्हणजे डबा एकच, पण रंग दोन!

म्हणून जाणता कारागीर आधी पत्र्याच्या तुकड्यावर रंग फवारतो, वर पारदर्शक थर देतो आणि तो तुकडा गाडीशेजारी धरून दिवसाच्या उजेडात समोरून व बाजूने पाहतो. कारण दिव्याखाली जुळलेले रंग उन्हात वेगळे पडू शकतात. एवढ्यावरही उरलेला फरक तो शेजारच्या पत्र्यावर विरळ करीत नेतो. डोळ्याला फरक खुपतो तो सांध्यावर. तिथली रेघ पुसली की फरकही दिसेनासा होतो.

तेव्हा शेजारच्या भागाचीही मजुरी कोणी मागितली, तर तिला लबाडी समजू नये. रंग जुळतो तो त्याच मजुरीत.