शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेचा शब्द

रुग्ण बरा होतो तो केवळ डॉक्टरांच्या कौशल्यामुळे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ, शल्यविशारद, परिचारिका अशी अनेक माणसे एकत्र काम करीत असतात. त्यांच्यात मोकळे बोलणे झाले नाही तर काय घडते, याचे इंग्लंडमधील एक उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

दिनांक २९ मार्च २००५ रोजी इलेन ब्रोमिली या ३७ वर्षांच्या महिलेवर सायनसची साधी शस्त्रक्रिया व्हावयाची होती. भूल दिल्यावर श्वासमार्ग बंद झाला. तिघे अनुभवी डॉक्टर घशातून नळी घालण्याचा प्रयत्न करीतच राहिले. २० मिनिटांहून अधिक काळ शरीराला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही. अशा वेळी गळ्याला छेद देऊन श्वास मोकळा करावयाचा असतो. एका परिचारिकेने त्याचे साहित्य आणून 'तयार आहे' असे सांगितलेही; कोणी लक्ष दिले नाही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली, पण डॉक्टरांच्या नजरेवरून आपण उगाच घाई केली असे वाटून ती रद्द केली. काय करावयास हवे हे त्यांना कळत होते. मोठ्यांना कसे सांगावे, हे कळत नव्हते. १३ दिवसांनी इलेन वारल्या.

त्यांचे पती मार्टिन हे वैमानिक. विमानसेवेने हा धडा आधीच घेतला होता. १९७७ मध्ये टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरच दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. समोरचे विमान अजून हटले नसावे, ही फ्लाइट इंजिनिअरची शंका कॅप्टनने बाजूला सारली होती. पुढे वैमानिकांना कनिष्ठांचे ऐकण्याचे रीतसर प्रशिक्षण मिळू लागले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी-यादी काढली. छेद देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम मोठ्याने सांगावयाचे, हे तीत आहे. एकदा बोललेला माणूस पुन्हा बोलण्यास कचरत नाही! नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात मात्र पुढे तसा फरक दिसला नाही. नुसत्या खुणा करून कागद भरला तर दुसरे काय होणार? आम्हा बँकवाल्यांना हे नवीन नाही. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, पण दोन्ही एकाच्याच हाती दिल्या तर नियम कागदावरच राहतो.

नर्सिंगला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एक सवय आतापासूनच लावून घ्यावी. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेले औषध व मात्रा लिहून घ्यावी, त्यांना वाचून दाखवावी, आणि त्यांनी 'बरोबर' म्हटल्यावरच रुग्णाला द्यावी.