म्हातारपण, कान आणि घराणे

हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. आजोबा ओसरीवर बसले आहेत. नातू विचारतो, "आजोबा, सात वाजता येऊ का?" आजोबा म्हणतात, "हात? हाताला काय झालं?" पोरे खुदकन हसतात. मग सून पुढे येऊन मोठ्याने सांगते, "मामंजी, सात! सात वाजता!" तर आजोबाच रागावतात. "ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?"

गंमत अशी की दोघांचेही खरे असते. आजोबांना आवाज येतो, पण शब्द उमगत नाही. असे का होते?

आपल्या कानाच्या आत, हाडात दडलेली, गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात प्रत्येक कानात सुमारे १५,००० केशपेशी असतात. पेशींच्या टोकांवर बारीक केसांसारखे तंतू असतात. आवाजाची लाट आली की ते तंतू वाकतात आणि मज्जातंतूंवाटे मेंदूला वर्दी जाते. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, उंच पट्टीचे स्वर टिपतात. आतल्या टोकाकडच्या पेशी खर्जातले. ही लाट नळीतून कशी धावते ते फोन बेकेशी या शास्त्रज्ञाने दाखवून दिले; त्याबद्दल त्याला १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वयाबरोबर झिजतात त्या प्रथम तोंडाजवळच्या पेशी. आता आपल्या बोलण्याकडे पाहा. आ, ओ, ऊ हे स्वर भरदार, खालच्या पट्टीचे. पण स, श, त, फ ही व्यंजने नाजूक आणि उंच. स्वर पोचतात आणि व्यंजने गळतात. म्हणून 'सात'चा 'हात' होतो. ओरडल्याने स्वर तेवढे कानठळ्या बसवतात, व्यंजन मात्र होते तिथेच राहते.

आणि झिजलेली पेशी परत उगवत नाही. कोंबडीच्या कानात ती उगवते, हे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दिसून आले. माणसाला ती देणगी नाही.

आता दुसरे वाक्य, तेही आपण नेहमी ऐकतो. "आमच्या घराण्यातच आहे हो. वडिलांचं तसंच, आजीचं तसंच. काय करणार?"

हे वाक्य अर्धे खरे आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी आईबाप आणि त्यांची मुले यांचे कान पिढीच्या अंतराने तपासले गेले. १९९९ साली निष्कर्ष आला, की उतारवयात माणसामाणसांच्या ऐकण्यात जो फरक पडतो, त्यातला सुमारे ३५ ते ५५ टक्के भाग आनुवंशिक आहे. आई आणि मुली, बहिणीबहिणी यांच्यात हे साम्य अधिक ठळक दिसले. पण दोषी असे एकच जनुक नाही. २०१९ साली ब्रिटनमधील सुमारे अडीच लाख लोकांच्या माहितीतून आनुवंशिक द्रव्यातील ४४ ठिकाणे हाती लागली. एकेकाचा हातभार अगदी थोडा. सारे मिळून कल ठरवतात.

शेतकऱ्याला हे सांगायला नकोच. बियाणे महत्त्वाचे खरे, पण रान, पाणी आणि राखण यांनीही पीक ठरते. कानाचे रान म्हणजे आपण आयुष्यभर सोसलेला गोंगाट. मळणीयंत्र, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, मिरवणुकीतल्या आवाजाच्या भिंती. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक समजावा. ज्याचे बियाणेच नाजूक, त्याने तर राखण अधिक करायला हवी. 'घराण्यात आहे' हे हात टेकण्याचे कारण नव्हे. ती आगाऊ मिळालेली सूचना आहे.

एक सूचना तर फारच मोलाची. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन या जातीची औषधे कोणाच्याही कानाला अपाय करू शकतात. पण १९९३ साली असा एक आनुवंशिक बदल सापडला, की तो असलेल्या माणसाला अशा औषधाची साधी मात्राही बहिरे करू शकते. हा बदल आईकडून मुलांना येतो, बापाकडून येत नाही. तेव्हा आईच्या बाजूला औषधाने कोणाचे ऐकणे गेले असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. मनाने मात्र औषध बंद करू नये.

आणि ज्यांचे ऐकणे आधीच कमी झाले आहे त्यांचे काय? प्रथम कान तपासून घ्यावेत. कधी कधी नुसता मळच साचलेला असतो. खरीच झीज असेल तर श्रवणयंत्राचा उपयोग होतो, मात्र ते तपासणी करून, कानाला जुळवून घ्यावे लागते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून हे काम करीत आहे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात मुलांना एवढे शिकवाच: आजोबांशी मागून बोलू नये. समोर, उजेडात बसावे, सावकाश बोलावे. एक शब्द उमगला नाही तर तोच पुन्हा ओरडू नये, दुसरा घ्यावा. 'सात' कळले नाही तर म्हणावे, "दिवेलागणीला येऊ का?"

कारण ऐकू न येणारा माणूस आधी हसून वेळ मारून नेतो, मग विचारणे सोडतो आणि शेवटी बोलणेच सोडतो. ओसरीवर बसूनही तो घराबाहेर पडतो. त्याला पुन्हा घरात आणणे हे बियाण्यावर नव्हे, आपल्यावर अवलंबून आहे.