पहिली आठ मिनिटे

नव्याने धावू लागणाऱ्याचा दम आधी वाढतो, नडगी मागाहून तयार होते. हृदय, फुप्फुसे आणि रक्ताभिसरण दोन-तीन आठवड्यांच्या सरावाला दाद देऊ लागतात. हाडांना आणि स्नायू हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना मात्र त्याच भाराची सवय व्हायला महिने लागतात. सुरुवातीच्या पुष्कळशा दुखापती या तफावतीतून होतात. छाती ‘अजून पळ’ म्हणते, तेव्हा पाय अजून मागच्याच आठवड्यात असतात.

म्हणून आरंभीचे वेळापत्रक छातीला नव्हे, पायांना बेतून आखलेले असते. सर्वात प्रचलित वेळापत्रक १९९६ साली जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने तयार केले. ‘काउच टू फाइव्ह के’ या नावाने ते जगभर पोहोचले आणि मुंबईच्या पवईत धावायला सुरुवात करणाऱ्या अनेकांच्या मोबाइलमध्येही ते असते. नऊ आठवडे, आठवड्याला तीन दिवस, मध्ये विश्रांती. पहिल्या दिवशी ५ मिनिटे झपाझप चालायचे, मग ६० सेकंद धावणे आणि ९० सेकंद चालणे असे आलटूनपालटून २० मिनिटे. हिशोब केला तर प्रत्यक्ष धावणे जेमतेम ८ मिनिटांचे भरते. ऐकणाऱ्याला यात काहीच वाटत नाही. पण मिनिटाला १६० पावले धरली, तर प्रत्येक पाय या आठ मिनिटांत ६४० वेळा जमिनीवर आपटतो आणि दर वेळी शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट भार पेलतो. ६० किलोच्या माणसाच्या एका पायावर क्षणभर १२० ते १५० किलो येतात. आयुष्यभर लोकल पकडण्यापुरतेच पळालेल्या पायाला एवढे पुरे होते.

पवई तलावाच्या कडेच्या पदपथावर सकाळी सहाच्या सुमारास हे पहिले मिनिट अगदी जवळून पाहता येते. मोबाइलमधला आवाज ‘धावा’ म्हणतो आणि नवखा माणूस सुसाट सुटतो. पंधराव्या सेकंदाला मुठी आवळल्या जातात, तिसाव्याला खांदे कानांकडे सरकतात, पंचेचाळिसाव्याला तोंड उघडते. उरलेला वेळ तो पळत नाही, घड्याळ बघतो. पुढच्या ९० सेकंदांत दम परत येत नाही, आणि चौथ्या फेरीला बरगडीखाली चमक मारते. चूक वेगाची असते. योग्य वेगाची साधी कसोटी म्हणजे काल रात्री जेवायला काय होते, हे सोबत्याला पुऱ्या वाक्यात सांगता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग जास्त झाला. या कसोटीने नवख्याचा वेग किलोमीटरला आठ-नऊ मिनिटांवर येतो, म्हणजे चालण्याहून फारसा पुढे नाही. चालण्याच्या ९० सेकंदांत बाजूने कानटोपी घातलेले आजोबा झपाझप चालत पुढे निघून जातात. तेव्हा ओशाळण्याचे कारण नाही. ते या वयात रोज येतात, हाच त्यातला फरक.

जागेची निवड वेगाइतकीच महत्त्वाची. १८९१ साली बांधलेल्या या तलावाचा काठ सपाट आहे, म्हणून नवख्याला तो सोयीचा. तलावाभोवती सायकल आणि जॉगिंगसाठी मार्ग बांधण्याचे काम महानगरपालिकेने हाती घेतले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी ते बेकायदा ठरवून बांधकाम काढायला सांगितले. शिवाय तोच काठ ऊन खायला येणाऱ्या मगरींचाही पत्ता आहे, हे विसरून चालत नाही. राहिला रस्त्याच्या बाजूचा पदपथ. तिथे मात्र जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची वाहने जितका उशीर होईल तितका जास्त धूर ओकतात. आयआयटीच्या आवारात झाडी, सावली आणि कमी रहदारी असे सगळे आहे, पण बाहेरच्यांना मोकळा प्रवेश नाही, आणि आतल्यांना अधूनमधून बिबट्याची वर्दी मिळते.

उरते हिरानंदानी. एकेकाळी दगडाच्या खाणी असलेल्या टेकडीवर वसलेल्या या वसाहतीत रस्ते रुंद आहेत, दिवे आहेत आणि पहाटे रहदारी विरळ असते. पण सेंट्रल ॲव्हेन्यू सोडून टेकडीच्या बाजूला वळले की चढ लागतो. चढ दम काढतो, तेवढे सोसते. पायांना खरा त्रास उतारावर होतो, कारण तिथे प्रत्येक पाऊल ब्रेकसारखे पडते आणि मांडी-नडगीला दणका बसतो. पहिले सहा आठवडे चढ धावावा, उतार चालावा. पेव्हर ब्लॉकच्या पदपथावर एखादा ब्लॉक हमखास डुगडुगतो आणि घोटा मुरगळतो. त्यापेक्षा पहाटेच्या मोकळ्या डांबरी रस्त्याची कड, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, जास्त भरवशाची.

साहित्य थोडेच लागते. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाऊल किंचित फुगते; पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी राहावी. सुती बनियन घामाने जड होऊन अंगाला घासते, तिथे पातळ सिंथेटिक टी-शर्ट बरा. काखेत आणि मांड्यांत व्हॅसलीन न लावल्याची आठवण आंघोळीचे पाणी करून देते.

मुंबईत खरा शत्रू दमट हवा आहे. घाम सुकला तरच अंग थंड होते. हवाच ओली असली की तो नुसता ओघळतो, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. २००४ पासून होणारी मुंबई मॅरेथॉन जानेवारीत ठेवलेली आहे त्यामागे हेच गणित आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर नऊ आठवडे जानेवारीच्या आरंभी संपतात, आणि सगळा सराव वर्षातल्या त्यातल्या त्यात कोरड्या हवेत होतो. मे महिन्यात सुरू करणाऱ्याने तोच वेग धरण्याचा हट्ट सोडावा. चाळिशी उलटलेल्याने, किंवा रक्तदाब-मधुमेह असलेल्याने, बूट घेण्याआधी डॉक्टरांकडे जावे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम जमू लागतो, आणि तिथेच गडबड होते. विश्रांतीचा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, तीनऐवजी पाच दिवस पळणे होते, आणि एके सकाळी जिना उतरताना नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागतो. स्नायूंचे दुखणे काही दिवसांत विरते आणि हलके चालल्याने सुटते. नडगीवर बोट फिरवताना एकाच जागी टोचून दुखत असेल, किंवा धावताना दुखणे वाढतच जात असेल, तर धावणे बंद करून दाखवून घ्यावे. हाडाला बारीक चीर जाण्याची सुरुवात अशीच होते.

पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस या वेळापत्रकातला अवघड टप्पा. आदल्या वेळी मध्ये चालत दोनदा आठ-आठ मिनिटे धावलेल्याला एकदम सलग २० मिनिटे धावायला सांगितले जाते. अनेकांचे इथे अडते. आठवडा पुन्हा करावा. नऊचे बारा झाले तरी नडगी तक्रार करत नाही.

शेवटी सलग ३० मिनिटे धावता येतात. नावात पाच किलोमीटर असले, तरी किलोमीटरला आठ मिनिटांच्या वेगाने अर्ध्या तासात पावणेचारच होतात. उरलेले सव्वा किलोमीटर वेग वाढवून भरून काढायचे नसतात. तीनपैकी एका दिवशी पाच मिनिटे वाढवायची, दोन आठवडे तसेच ठेवायचे, मग पुन्हा पाच. अशाने ४० मिनिटे होतात आणि त्याच गतीत पाच किलोमीटर पुरे होतात. तोवर बुटांचे तळ टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजू लागलेले असतात. पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की ते बदलावेत.