रुंद देखावा, बेताचे भिंग

सूर्य मावळण्याच्या सुमारास कोपरखैरण्याच्या खाडीकाठी एकदा उभे राहून पाहा. समोर ठाण्याची खाडी, पायाशी चिखल आणि तिवरे, पलीकडे कांजूरमार्ग-विक्रोळीच्या इमारती. पाठ वळवली की पारसिकचा डोंगर. डोळ्यांना हे सारे सहज दिसते, पण कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या भिंगात ते मावत नाही. मागे सरकावे तर कुंपण, पुढे जावे तर गुडघाभर चिखल. मग हौशी छायाचित्रकाराच्या मनात येते, आता एक वाइड-अँगल झूम भिंग घ्यावे. दुकानात किमती ऐकल्या की मात्र तोंडचे पाणी पळते.

कोणते भिंग पुरेल, याचे उत्तर जाहिरातीत शोधू नका. दहावीची भूमिती आणि प्रकाशाचा धडा यांत ते बरेचसे सापडते.

भिंगाच्या मध्यातून जाणारे किरण न वळता सरळ जातात. त्यामुळे भिंगाच्या पुढे एक आणि मागे एक, असे दोन समरूप त्रिकोण तयार होतात. देखाव्याची रुंदी भागिले त्याचे अंतर, हे गुणोत्तर संवेदकाची रुंदी भागिले नाभीय अंतर याच्याइतकेच असते. पुष्कळशा हौशी कॅमेऱ्यांचा संवेदक सुमारे २२ मिलिमीटर रुंद असतो. सोबत मिळालेले भिंग १८ मिलिमीटरवर ठेवले, तर १०० मीटरवरच्या देखाव्याची सुमारे १२२ मीटर रुंदी चित्रात येईल. १० मिलिमीटरचे भिंग लावले तर २२० मीटर! कोनात सांगायचे तर ६३ अंशांवरून ९५ अंशांवर उडी. नुसता १० हा आकडा मात्र काही सांगत नाही. ज्या कॅमेऱ्याचा संवेदक ३६ मिलिमीटर रुंद आहे, त्यावर एवढाच कोन १६ मिलिमीटरच्या भिंगाने मिळतो. तेव्हा आधी आपल्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत संवेदकाचे माप पाहा, मग भिंगाचा आकडा.

आता तेच गणित डोंगराला लावा. समजा, २०० मीटर उंचीचा डोंगर तुमच्यापासून ४ किलोमीटरवर आहे. १८ मिलिमीटरच्या भिंगाने त्याची प्रतिमा ०.९ मिलिमीटर उंच पडेल, १० मिलिमीटरच्या भिंगाने अवघी अर्धा मिलिमीटर. संवेदकाची उंची १५ मिलिमीटर धरली, तर डोंगर चित्राचा तिसावा हिस्सा झाला. नवे भिंग घेऊन आलेले कितीतरी जण इथेच हिरमुसतात. असे भिंग डोंगर मोठा करण्यासाठी नसते. पायाजवळचा तिवराचा कोंब आणि दूरचे आकाश एकाच चित्रात आणण्यासाठी असते. जवळ काही पाहण्याजोगे नसेल, तर ते पिशवीतच राहिलेले बरे.

ही भिंगे महाग का, तेही पाहू. १० मिलिमीटर नाभीय अंतराचे साधे बहिर्वक्र भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा आपल्या मागे १० मिलिमीटरवर पाडते. पण आरसा असलेल्या कॅमेऱ्यात भिंग बसवायची कडी संवेदकापासून ४४ ते ४७ मिलिमीटर दूर असते, कारण मध्ये आरसा हलतो. यावर तोड म्हणून पुढे अंतर्वक्र भिंगांचा गट आणि मागे बहिर्वक्र गट बसवतात. उलट्या धरलेल्या दुर्बिणीसारखाच हा प्रकार. फ्रान्सचे पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये अशा रचनेचे ३५ मिलिमीटरचे भिंग छायाचित्रणासाठी आणले. काचा वाढल्या, पुढचे भिंग फुगले आणि किंमतही वाढली.

किंमत वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे मोठे छिद्र. एफ/५.६ ऐवजी एफ/२.८ म्हणजे चौपट प्रकाश. पण निसर्गदृश्याला तो लागतो का? कॅमेरा तिपाईवर, देखावा जागच्या जागी. सेकंदभर उघडा ठेवला तरी बिघडत नाही. शिवाय सारे सुस्पष्ट यावे म्हणून आपण छिद्र मुद्दाम लहान करतो. १० मिलिमीटरवर एफ/८ ठेवून सुमारे ६० सेंटिमीटरवर स्पष्टता जुळवली, तर ३० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत बहुतेक सर्व स्पष्ट येते. एफ/२२ पर्यंत जाऊ नका. तिथे विवर्तनामुळे प्रकाशाचा प्रत्येक बिंदू पसरतो आणि चित्र मऊ पडते. म्हणजे ज्या मोठ्या छिद्रासाठी जादा पैसे मोजायचे, ते आपण वापरणारच नाही! ताऱ्यांची चित्रे घेणाऱ्याला ते हवे, पण कोपरखैरण्याच्या उजळलेल्या आकाशात तारे दिसतात किती?

म्हणून मी तरी लहान छिद्राचे, हलके भिंगच सुचवीन. कॅननचे १०-१८ मिलिमीटर (२०१४) आणि निकॉनचे १०-२० मिलिमीटर (२०१७) ही अशीच भिंगे. वजन अनुक्रमे २४० आणि २३० ग्रॅम. टोकिनाचे एफ/२.८ चे ११-१६ मिलिमीटर भिंग साडेपाचशे ग्रॅमच्या घरात जाते. वजन हलके राहावे म्हणून पहिल्या दोघांची कडी प्लास्टिकची केली आहे. तिला नाके मुरडू नयेत. मात्र निकॉनचे ते भिंग डी ३१०० सारख्या काही जुन्या कॅमेऱ्यांवर चालत नाही, एवढे आधी तपासा.

वापरलेले भिंग घेणार असाल, तर बॅटरी सोबत न्या. भिंगाच्या एका बाजूने प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या दमट हवेत ती हमखास येते, काचेवरचा लेप खाते, आणि भिंग पुसून जात नाही. त्यानंतर विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर ठेवून एफ/८ वर चित्र घ्या. चारही कोपरे थोडे सारखेच मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा अस्पष्ट असेल तर आतली काच तिरकी बसलेली असण्याचा संभव आहे. असे भिंग फुकट मिळाले तरी घेऊ नका.

पैसे खर्च करण्यापूर्वी आणखी एक प्रयोग करून पाहा. हातातलेच भिंग १८ मिलिमीटरवर ठेवा, कॅमेरा उभा धरा. आता प्रत्येक चित्रात आडवा कोन सुमारे ४५ अंशांचा येतो. दर वेळी ३० अंश वळून तीन चित्रे घ्या; संगणकावर जोडली की १०५ अंशांचा देखावा तयार, खर्च शून्य. स्थिर डोंगराला हे उत्तम. खाडीत मात्र थंडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. २०१५ पासून खाडीचा काही भाग त्यांचे अभयारण्य आहे. त्यांतला एखादा तुमच्या दोन चित्रांच्या सांध्यावरून चालत गेला, तर त्याला चार पाय फुटलेले दिसतील.