कुलूप आणि किल्ली

उतारवयात पुरुषांना गाठणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे नाव आपल्या घरांत अजूनही कुजबुजतच घेतले जाते. त्याच्यावरील एका औषधाची ही कथा.

हा रोग पुरुषी हॉर्मोनवर पोसतो आणि ते तोडले की ओसरतो, हे शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण ओसरलेला रोग पुन्हा उसळे. आता त्याला हॉर्मोनची गरजच उरली नाही, असे पुष्कळ डॉक्टर समजत.

हॉर्मोन ही किल्ली मानली, तर पेशीतील एक प्रथिन हे तिचे कुलूप. २००४ साली चार्ल्स सॉयर्स व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की किल्ल्या दुर्मीळ होताच रोगट पेशींनी कुलपेच वाढवली होती! जुनी औषधेदेखील त्यांत किल्लीसारखी फिरू लागली होती. मग कुलपात घट्ट बसणारे, पण न फिरणारे औषध घडवले गेले : एन्झालुटामाइड. अमेरिकेत २०१२ साली त्याला मान्यता मिळाली. रोग बळावलेल्या ११९९ रुग्णांवरील चाचणीत, औषधाविना निम्मे रुग्ण १३.६ महिन्यांपलीकडे जगले, औषधाने १८.४.

पाच महिन्यांचे ते काय, असे कुणी म्हणेल. नातवाच्या मुंजीचा मुहूर्त धरून बसलेल्या आजोबांना विचारावे!